चिंधी बांधलेला डबा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तोवर आईला नाही, आणि जिचा याच्याशी सगळ्यात जास्त संबंध आहे त्या बहिणीला तर नाहीच. डबा मी धुतला नव्हता. चिंधी मात्र बांधली होती.

चिंधीचं आधी सांगायला हवं. जऊळक्यापासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव. मी लहान होतो तेव्हा कपाशीवर सारखा फवारा व्हायचा आणि हंगाम संपेपर्यंत गोठ्याच्या माळ्यावर औषधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यांचा ढीग साचायचा. फवाऱ्याच्या विषाला आम्ही औषधच म्हणत असू, अजूनही म्हणतो. रिकामा डबा कुणी फेकत नसे. रॉकेलला, डिझेलला, रानात पाणी न्यायला तो लागायचा. बाबांचा नियम ठरलेला होता. डबा नाल्यावर न्यायचा, राख आणि चिकण माती घालून तीनदा खळखळून धुवायचा, दोन दिवस उन्हात उपडा ठेवायचा आणि मग त्याच्या मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी असलेला डबा घरात येऊ शकतो. चिंधी नसलेल्याला हात लावायचा नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही कळावी अशी ती खूण होती आणि घरात तिच्याबद्दल कुणी शंका घेत नसे.

आज हे लिहायला बसलो त्याचं कारण टीव्हीवरची एक मालिका.

आई जाऊन या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अकरा महिने झाले. आखाजीला पित्तरांचं पान असतं, आणि आईचं हे पहिलंच पान, म्हणून बहीण आदल्या दिवशी कारंज्याहून वाशीमला माझ्याकडे आली. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. कारंज्याला अंगणवाडीत शिकवते. तिच्या उजव्या डोळ्यात फूल आहे. बुबुळावर दुधाच्या सायीसारखा पांढरा डाग, त्या डोळ्यानं तिला उजेड-अंधार एवढंच कळतं. फोटो काढताना ती सवयीनं डावा गाल पुढे करते.

आखाजीची जेवणं झाली. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कूलरसमोर आम्ही दोघंच बसलो होतो. बहीण म्हणाली, अंगणवाडीतल्या एका पोराच्या चड्डीवर ते पाच जण दिसले. मी विचारलं, कोण पाच जण. तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि मी ओळखलं. लाल, निळा, काळा, पिवळी, गुलाबी. डोक्याला गोल टोप, तोंड झाकलेलं. दर रविवारी सकाळी आम्ही ज्यांच्यासाठी आंघोळ टाळत असू ते हेच. हिंदीत बोलणारे, शहरावर आलेल्या राक्षसाला मारणारे.

“सगळे भाग हायेत यात,” ती म्हणाली. “पाह्यतं का? टीव्हीवर लावतो.”

मी नको म्हणायला हवं होतं. पण नको काहून, असं तिनं विचारलं असतं.

पहिल्या पाच मिनिटांतच तिला हसू फुटलं. आमच्याकडे तेव्हा काळा-पांढरा टीव्ही होता. त्या पाच जणांचे रंग आम्ही कधी पाहिलेच नव्हते. ते एकमेकांना हाका मारत त्यावरून कोण लाल आणि कोण निळा ते समजून घ्यायचो, आणि त्यावरून भांडायचोही. आता भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ते रंग असे भडक दिसत होते की डोळ्यांना खुपावेत.

“हे गुलाबी होय?” बहीण पुढे सरकून बघत म्हणाली. “मले तं वाटे हे पोरगी पांढरेच कपडे घालते. मी आईले म्हणलं होतं, माह्या शाळेच्या परकराचे शिवून दे.”

मी म्हणालो, मला आठवत नाही. मला नीट आठवत होतं.

गोष्ट दर भागात तीच. राक्षस येतो, गाड्या उलथवतो, माणसं पळतात. पाच जण येऊन त्याला झोडपतात. तो पडतो आणि मग डोंगराएवढा होऊन पुन्हा उठतो. मग या पाचांची यंत्रं एकमेकांना जोडून एक अवाढव्य योद्धा तयार होतो, तो तलवारीचा एक घाव घालतो आणि राक्षस फुटतो. लहानपणी आम्हाला यात पुढे काय होणार याची धाकधूक वाटायची. आता पाहताना प्रत्येक मारामारी त्याच एका खदानीत होते हे दिसत होतं. राक्षसाच्या पाठीवरची चेनही एकदा दिसली.

आम्ही हा खेळ खळ्यावर खेळायचो. आमच्या आळीतले आम्ही चार पोरं. मी सगळ्यांत मोठा, तेरा वर्षांचा, म्हणून मी लाल, म्हणजे म्होरक्या. बाकीच्या तिघांनी निळा, काळा आणि पिवळा वाटून घेतला होता. पिवळी मालिकेत मुलगी होती, पण रंग दिसत नसल्यामुळे आमच्यातल्या पिवळ्याला त्याचं काही वाटलं नाही. गुलाबी व्हायला कुणी तयार नव्हतं. ती जागा रिकामीच होती.

बहीण आठ वर्षांची होती. ती रोज एकच मागणं करायची, मले गुलाबी करा. आम्ही चारच होतो, पाचवी जागा रिकामी होती आणि तिथं बसणारी मुलगी समोर उभी होती. मी म्हणालो, तू गुलाबी झाली तर राक्षस कोण होईल? आम्हा चौघांपैकी कुणालाच मार खायचा नव्हता. म्हणून गुलाबीची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली आणि ती राक्षस झाली. तुऱ्हाट्यांनी, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांनी, आम्ही तिला मारायचो. अगदी जोरात नाही, पण लागायचं. मेल्यावर तिनं उठून बैलगाडीवर चढायचं, कारण राक्षस मोठा होतो. मग आम्ही चौघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एक योद्धा व्हायचो आणि ती गाडीवरून कुटाराच्या ढिगात उडी मारून पुन्हा मरायची. कुटार म्हणजे सोयाबीन काढल्यावर उरलेला भुसा. ती फार छान मरायची.

दसऱ्यानंतरची गोष्ट. राक्षसाला तोंड हवं असं माझ्या मनात आलं. नुसतं ओढणी गुंडाळून मजा येत नव्हती. शनिवारी बाबांनी मला फवाऱ्याचे तीन डबे नाल्यावर नेऊन धुवायला सांगितले होते. दोन मी धुतले. तिसरा पांढरा होता, इतरांपेक्षा रुंद. तो तसाच बाजूला ठेवला, कारण दोन धुण्यातच ऊन उतरलं होतं आणि हाताला राखेनं भेगा पडल्या होत्या. आणखी तीनदा खळखळायचा आणि वर दोन दिवस वाळवायचा म्हणजे मंगळवार उजाडणार. मला तोंड रविवारी हवं होतं. मी आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, तीन तुकडे केले आणि तिन्ही डब्यांना बांधले.

रविवारी मालिका संपल्यावर चुलीत तापवलेल्या विळ्यानं मी त्या डब्याचा तळ कापला आणि डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली. प्लास्टिक जळताना जो वास आला तो प्लास्टिकचा नव्हता. औषधाचा होता, घशात बसणारा. मला तेव्हाच कळलं. पण भोकं झकास पडली होती. डब्याचं तोंड म्हणजे राक्षसाचा थुतरा, मूठ म्हणजे शिंग आणि शिंगाला लाल चिंधी.

बहिणीनं तो डोक्यात घातला आणि खूश झाली. तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी खास मिळालं होतं. बाकीच्या तिघांनाही हेवा वाटला. त्या दिवशी खेळ लांबला. ऑक्टोबरचं ऊन, आत घाम. दुसऱ्यांदा मरून ती गाडीवर चढली तेव्हा डब्यातून आवाज आला.

“दादा, डोयात झोंबून राह्यलं.”

मी म्हणालो, “राक्षस रडत नसते. तुही पडाची येळ नाही झाली अजून.”

ती उभी राहिली. आमचा योद्धा तयार होईपर्यंत उभी राहिली आणि मग उडी मारली.

डबा काढला तेव्हा तिचे दोन्ही डोळे लाल होते, उजवा जास्त. पापणी सुजायला लागली होती. ती दोन्ही मुठींनी चोळत होती. शंभर पावलांवर पाण्याचं टाकं होतं. मी तिला तिथं नेऊन डोळे धुवायला लावले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, डबा कापला म्हणून बाबा मारतील, आणि न धुता कापला हे कळलं तर फोडून काढतील. मी तिला म्हणालो, घरी सांगजो, कुटार गेलं.

तिनं तसंच सांगितलं. आणि पुढे तिला स्वतःलाही तेच आठवायला लागलं.

आईनं पापणी उलटून पाहिलं. कुटार दिसलं नाही. मग तिनं ते केलं जे तिच्या आईनं तिच्यासाठी केलं असतं. पांढऱ्या कांद्याचा रस काढला, त्यात मध कालवला आणि दोन-दोन थेंब डोळ्यांत टाकले. बहीण किंचाळली. आईनं तिचे हात धरून ठेवले. मी दारात उभा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टाकलं. चौथ्या दिवशी उजव्या बुबुळावर पांढरं दिसायला लागलं तेव्हा बाबा घाबरले आणि आम्ही जऊळक्यावरून छोट्या लाइनीच्या रेल्वेगाडीनं अकोल्याला गेलो. मला पाण्याची पिशवी धरायला नेलं होतं.

डॉक्टरांनी बॅटरीनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, डोळ्यात काय गेलं होतं? बाबा म्हणाले, कुटार. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, दुसरं काही? चुना, औषध, काही? आणि त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मी पिशवीच्या बंदाकडे बघत राहिलो. मग त्यांनी विचारलं, घरी काय टाकलं? आईनं खरं सांगितलं. त्या खोलीत खरं बोलणारी ती एकटीच होती.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाले, “बाई, लेकराच्या डोळ्यात कांदा पिळतात का कुणी?”

डावा डोळा वाचला. उजव्यात फूल पडलं.

गावी परत आलो त्या संध्याकाळी आई गोठ्यात गेली. मी मागून गेलो. तिनं खळ्यावरून आणलेला तो कापलेला डबा हातात घेतला होता. मला म्हणाली, “हा डोक्यात घातला होता ना तिनं? धुतला होता का तू?”

मी म्हणालो, “चिंधी हाय ना.”

तिनं ती चिंधी बोटांत धरून पाहिली. तिच्याच लुगड्याची. मग “हाय” म्हणाली, डबा खाली ठेवला आणि आत गेली. तिनं वास घेतला असता तर तिला कळलं असतं. पण चिंधी पाहिल्यावर वास घ्यायची आमच्या घरात पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तो डबा उकिरड्यात खोल पुरला.

त्यानंतर घरात एकच गोष्ट खरी झाली. कुटार गेलं, आईनं कांदा पिळला, पोरीचा डोळा गेला. बाबा वरणात मीठ जास्त झालं तरी म्हणायचे, पोरीले आंधळं केलं, आता आमाले मारते. आत्या आली की पहिल्या दिवशी बहिणीला मांडीवर घेऊन रडायची आणि दुसऱ्या दिवशी आईशी बोलणं टाकायची. आई कधी उलटून बोलली नाही. पुढच्या रामनवमीला शेजारणींबरोबर पोहरादेवीच्या यात्रेला गेली आणि तिथं कांदा सोडून आली. आधी तिला कांद्याशिवाय भाकर जात नसे. मुठीनं फोडून मिठाला लावून खायची. त्या दिवसापासून मरेपर्यंत तिनं कांदा तोंडात घातला नाही. आमच्यासाठी चिरायची, फोडणीला टाकायची, स्वतःसाठी वेगळं काढून ठेवायची. लोक विचारायचे, माळ घातली का? ती हो म्हणायची.

रोज दोन वेळा माझ्या ताटात कांदा असायचा आणि तिच्या ताटात नसायचा. मी जेवत होतो.

आणखी एक सांगतो, म्हणजे काही लपवलं असं व्हायला नको. डोळ्याची पट्टी निघाल्यावर बहीण खळ्यावर आली आणि म्हणाली, मी बी खेळतो. आमच्यातला एक म्हणाला, “आता हिले डबा नाही लागत.” बाकीचे हसले. म्होरक्या मी होतो. मीही हसलो. ती त्यानंतर कधी खेळायला आली नाही आणि रविवारी सकाळी टीव्हीसमोरही बसली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात उकिरडा उपसून शेणखत बैलगाडीत भरताना बाबांच्या फावड्याला तो डबा लागला. त्यांनी तो झटकला, दोन भोकांतून पलीकडे पाहिलं, मग नाकाजवळ नेला. आठ महिने उकिरड्यात राहूनही वास गेला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपली धरून उभा होतो. त्यांनी डबा दूर बांधावर भिरकावला आणि पुन्हा फावडं चालवायला लागले. मला वाटतं त्यांना त्या क्षणी सगळं समजलं. त्यांनी मला वाचवलं, आणि रात्री जेवताना नेहमीसारखं आईला बोलले. पोरगं वाचवायला बायको पुरत होती. ते वारले त्याला सात वर्षं झाली. हे मी त्यांच्यावर ढकलत नाही. त्यांना आठ महिन्यांनी कळलं, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी शिकलो आणि कृषी सहायक झालो. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना फवारणीचं शिकवणं हे माझ्या कामातच आहे. तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करा, रिकाम्या डब्याला भोकं पाडा, तो पुन्हा वापरू नका, तीनदा धुतला तरी नको. डब्याच्या बाबतीत मी फार कडक आहे असं सगळे म्हणतात. एका गावात एकाच्या घरात तेलाला वापरलेला औषधाचा डबा दिसला तेव्हा मी त्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या सुनांदेखत असा बोललो की तो रडला. कार्यालयात माझं कौतुक झालं. एवढं मनापासून कोण करते, म्हणाले.

एकदा वाशीमच्या नेत्र शिबिरात ओळखीच्या डॉक्टरांना मी विचारून घेतलं, एका शेतकऱ्याच्या पोरीचं झालं होतं असं सांगून. ते म्हणाले, त्याच घटकेला भरपूर पाण्यानं धुतला असता आणि काय गेलं ते डॉक्टरला सांगितलं असतं तर बहुतेक वाचला असता. मी विचारलं, आणि घरच्यांनी कांद्याचा रस टाकला होता, त्यानं गेला का? ते म्हणाले, टाकू नये, झोंबतो, पण एवढं कांद्यानं होत नाही. हे औषधाचंच काम. मी आभार मानून चहा प्यायलो. ही गोष्ट आई असतानाची. त्या दिवशी घरी आलो तेव्हा ती अंगणात गहू निवडत होती. मी तिच्याजवळ पायरीवर बसलो, खडे किती निघाले ते विचारलं आणि आत गेलो.

आता त्या दुपारकडे येतो.

तिसरा भाग चालू होता. खेकड्यासारखा राक्षस होता, नांग्या हलवत तो एका खांबाला धडकला आणि मग हातानं चाचपत पुढे गेला. बहीण हसत म्हणाली, “पहाय दादा. आतल्या माणसाले काहीच दिसून नाही राह्यलं. भोकं दुसरीकडंच असतीन.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “मले बी त्या डब्यातून काही दिसत नव्हतं. तुमच्या तुऱ्हाट्या कोणीकडून येतेत तेच समजे ना. पण मले मजा वाटे. तू माह्यासाठी एवढं बनवलं म्हणून.”

मी रिमोट हातात फिरवत होतो. स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती.

त्या दिवशी सकाळी एक प्रकार झाला होता. आईचं पान वाढून झालं होतं, पुरणपोळी, कुरडई, आंब्याचा रस, सगळं. बहीण उठली, टोपलीतला एक कांदा घेतला, ओट्यावर ठेवून मुठीनं फोडला आणि त्या पानात मीठ टाकून ठेवला. माझी बायको म्हणाली, ताई, पित्तराच्या पानात कांदा नसते. बहीण म्हणाली, “राहू द्या वहिनी. जितेपणी सोडला होता. आता तं सुटली ती.” माझ्या बायकोला ते आवडलं. लेकीनं आईला मोकळं केलं, असं ती मला मागाहून म्हणालीसुद्धा.

बहिणीनं आता मोबाइलवरून मालिकेचा आवाज कमी केला.

“सकाळी मी कांदा ठेवला ना,” ती म्हणाली, “तर वहिनीले वाटलं मी तिले माफ केलं.”

“नाही का?”

“नाही. पाच मिनिटं वाटलं, करून पहावं. नाही झालं.” ती पडद्याकडेच बघत होती, डावा गाल माझ्याकडे. “कुटारच गेलं होतं दादा. पाण्यानं धुतलं असतं तरी निघालं असतं. तिले कोणी सांगतलं होतं डोयात कांदा पियाले? तीन पोरं पाहून गेले मले, तिघं बी दारातूनच वापस. चौथा बिजवर, दोन लेकरांचा बाप. चांगला हाय माणूस, ते नाही म्हणत मी.”

मी रिमोट बाजूला ठेवला.

“शेवटच्या आठवड्यात मी इथंच होती ना तिच्यापाशी. तू ऑफिसात गेला होता. तिनं मले विचारलं, माह्यावर राग हाय का तुहा? एवढ्या वर्षात पहिल्यांदा विचारलं. मी म्हणलं, झोप आता. हो म्हणलं नाही, नाही बी म्हणलं नाही. मंग तिनं पुन्हा विचारलंच नाही.” तिनं मोबाइल मांडीवर उपडा ठेवला. “एवढंच टोचून राह्यलं मले. खोटं का होईना, नाही म्हणून द्याले पायजे होतं.”

पडद्यावर यंत्रं जोडली जात होती. मला वाक्य तोंडाशी आलं होतं. जसं आलं तसं सांगतो, कांद्यानं नाही गेला, माझ्यानं गेला. पाच-सहा शब्द. मी तोंड उघडलं आणि विचारलं, चहा टाकायला सांगू का.

ती म्हणाली, साखर कमी.

तेव्हापासून मी स्वतःला एक कारण देत आलो आहे. आता सांगितलं तर तिचं जास्त वाईट होईल. आज ती म्हणते, दोषी आईला खोटं का होईना नाही म्हणायला हवं होतं. उद्या तिला कळेल की आई दोषी नव्हतीच, खरं नाही म्हणता आलं असतं, आणि तिनं म्हटलं नाही. ते ओझं तिला कशाला? ऐकायला हे बरं वाटतं. पण तेरा वर्षांचा असतानाही माझ्याजवळ असंच ऐकायला बरं वाटणारं कारण होतं. आणि तिला जे टोचतंय तेही माझंच आहे. राग आईवर असायला नको होता, माझ्यावर असायला हवा होता. तो माझ्याकडे कधी आलाच नाही. इतकी वर्षं ती राखी बांधते, मी साडी देतो आणि ती म्हणते, दादानं माह्यासाठी लय केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गाडीवर बसवून बसस्टँडला सोडलं. कारंज्याची गाडी लागायला अर्धा तास होता. आम्ही बाकावर बसलो. तिनं पिशवीतून पुरणपोळीचा डबा काढून झाकण नीट बसलंय का ते पाहिलं. माझ्याजवळ अर्धा तास होता आणि मी तिला तिच्या अंगणवाडीच्या पगाराचं विचारलं, तिच्या सावत्र मुलाच्या बारावीचं विचारलं, कारंज्याच्या पाण्याचं विचारलं. गाडी आली. तिनं खिडकीतून हात केला. खिडकी उजव्या बाजूला होती, तिला मी नीट दिसत नव्हतो. तरी तिनं माझ्या दिशेनं हात केला.

हे कागदावर उतरवणं म्हणजे सांगणं नाही हे मला कळतं. कागद मला काही विचारणार नाही.

आईचं आता फेडता येत नाही. बहिणीचं मात्र देणं बाकी आहे. कारंज्याला जाऊन, तिच्या डाव्या बाजूला बसून, तिला सांगायचं आहे की कुटार गेलंच नव्हतं, ते मी तुला बोलायला लावलं. कांद्यानं काही झालं नाही. डबा मी धुतला नव्हता आणि चिंधी बांधली होती. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.